पेटीत न पडलेला लिफाफा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ड्रेस्डेनमधल्या आपणा सर्वांचे वडीलधारे, माननीय श्रीपादराव. व्यासपीठावर विराजमान झालेले सत्कारमूर्ती, माझे मित्र वासुदेव आणि सौ. शुभावहिनी, पहिल्या रांगेत बसलेले आमच्या आइस हॉकी संघाचे प्रशिक्षक हेर क्युनेल, जे गेला तासभर एकही शब्द न कळता अत्यंत शिस्तीत मराठी भाषणं ऐकत आहेत, खास या कार्यक्रमासाठी म्युनिकहून आलेली मित्रमंडळी, सभागृहातल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि मागे सामोशांच्या टेबलावर नजर ठेवून बसलेल्या बालमित्रांनो!

कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या संध्याताईंनी मला दोन कामं सांगितली आहेत. एक, वासुदेवबद्दल दहा मिनिटं बोलायचं. दोन, बोलून झाल्यावर ही शाल त्याच्या खांद्यावर घालायची. सहा वाजता सभागृह बंद करायला इथला रखवालदार, हाउसमाइस्टर, किल्ल्या वाजवत येणार आहे, तेव्हा पाल्हाळ लावू नका, अशी सूचनाही मिळाली आहे. या, गेनाऊ! म्हणजे हो, अगदी बरोबर. पाल्हाळ लावणार नाही. पण जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय खालीही उतरणार नाही.

पुढच्या शनिवारी वासुदेव, वहिनी आणि त्यांची लेक इरा कायमचे पुण्याला चालले आहेत. आठ वर्षांचा संसार दोन कंटेनरभर खोक्यांत बसला, असं वहिनी मघाशी म्हणाल्या. आम्हाला मात्र हा माणूस कुठल्या खोक्यात बसवावा, हे कधी कळलं नाही. मुळात हा बर्फावर गेलाच कसा?

तर त्याचं असं झालं. दोन हजार एकचा हिवाळा. आमचा हॉकी क्लब तेव्हा नावालाच क्लब होता. विद्यापीठातले वीस-बावीस हौशी विद्यार्थी, कुणाच्या अंगात निळा शर्ट, कुणाच्या हिरवा, आणि बर्फाचं रिंक मिळायचं रविवारी सकाळी साडेसहाला, कारण त्या वेळी दुसऱ्या कुणालाच ते नको असायचं. मी नाशिकहून डॉक्टरेट करायला आलेलो, एका जर्मन मित्राच्या नादानं त्यात शिरलो होतो. एका रविवारी वासूला म्हटलं, चल, गंमत बघ. त्या दिवशी आमचा गोलरक्षक पाय मोडून घरी बसला होता. हेर क्युनेलनी सगळ्यांना विचारलं, "आयुष्यात कधी कुणी चेंडू अडवलाय का?" आणि आमच्या या कराडच्या विकेटकीपरनं प्रेक्षकांत बसून हात वर केला!

मंडळी, त्याला स्केट्सवर उभंही राहता येत नव्हतं. दोघांनी बगलेत धरून त्याला गोलापर्यंत नेलं आणि गणपती बसवावा तसा तिथे बसवला. रबराची ती जाड चकती, तिला पक म्हणतात, गोळीसारखी येते. पहिली त्याच्या छातीवर आदळली, दुसरी हेल्मेटवर. तिसरी त्यानं हातात पकडली आणि सवयीनं ओरडला, "हाऊज दॅट!" सराव संपला, सगळे कपडे बदलून कॉफी प्यायला गेले, आणि पाच मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की विसर्जन राहिलंय. गोली अजून तिथेच उभा होता. त्याला बाहेर येता येत नव्हतं.

पुढचे चार महिने हा गृहस्थ दर शनिवारी पाच-पाच वर्षांच्या मुलांबरोबर आधाराला ते प्लास्टिकचं पेंग्विन धरून स्केटिंग शिकला. हसा तुम्ही. मीही हसलो होतो. वर्षभरात तो आमचा पहिला गोली झाला, आणि मी दुसरा.

दुसरा गोली काय करतो, ठाऊक आहे का? राखीव बाकाच्या टोकाला बसतो आणि खेळाडू आत-बाहेर करताना कठड्याचं दार उघडतो. उघडतो आणि लावतो. मी दोन हिवाळे दार उघडलं. ज्याला मी गंमत बघायला आणलं, त्याची गंमत मी बाकावरून बघत होतो. तोंडानं "शाब्बास वासू" म्हणत होतो आणि आतून जळत होतो. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय. कपिल, तू हेर क्युनेलच्या शेजारीच बसलायस, आता त्यांच्या कानात भाषांतर कर. इथून पुढचं काहीही गाळू नकोस.

दोन हजार चार साली आमचं भाग्य उजळलं. विद्यापीठानं आमच्या हौशी क्लबाला आपला अधिकृत संघ करून घ्यायचं ठरवलं. छातीवर विद्यापीठाचं चिन्ह, रिंकची चांगली वेळ, दुसऱ्या विद्यापीठांशी सामने, जायला-यायला बस. अट एकच, की प्रत्येक खेळाडू तिथला विद्यार्थी हवा. आणि वासू तर त्याच वसंतात मास्टर्स संपवून कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरीला लागला होता.

मघाशी श्रीपादरावांनी प्रास्ताविकात ती गोष्ट तुम्हाला पुन्हा सांगितली. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतालाही ते ती सांगतात. वासूसाठी सवलतीचा अर्ज केला होता, पण विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयातल्या बाईंनी नियमावर बोट ठेवून तो फेटाळला. ज्यानं तीन वर्षं संघ उभा धरला, त्याला ऐन वेळी बाहेर काढलं. तात्पर्य, जर्मनीत माणूस मोठा नाही, कागद मोठा. आपण सगळे माना डोलावतो. का डोलावणार नाही? आपल्यापैकी कुणाचा कागद कुठल्या तरी आम्टमध्ये, सरकारी कचेरीत, अडला नाही?

श्रीपादराव, तुम्ही मला वडिलांच्या जागी आहात. आपल्या परवानगीनं सांगतो, ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, कारण ती तुम्हाला मीच सांगितली.

त्या नियमात सवलत होती. दोन माजी विद्यार्थ्यांना आणखी दोन हंगाम खेळता येणार होतं. संघानं पंधरा सप्टेंबरच्या आत लेखी अर्ज करायचा, बस. संघाचा चिटणीस मी. अर्ज मीच लिहिला. चांगला लिहिला, हो! वासूच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला, वहिनी थालीपिठं लावत होत्या. वासूचं जर्मन तेव्हा बेकरीत पाव मागण्यापुरतं. त्यानं न वाचता सही केली आणि म्हणाला, "तू लिहिलंयस ना, मग मी काय वाचायचं? बघ बाबा, तुझ्या हातात आहे सगळं."

वहिनींनी लिफाफ्यावर तिकीट चिकटवलं. मी तो कोटाच्या खिशात घातला. त्या दिवशी सहा तारीख होती.

ट्रामच्या थांब्यावर पिवळी टपालपेटी आहे. रोज तिच्यावरून जात होतो. पहिले चार-पाच दिवस निव्वळ आळस, देवाशपथ. आज घाई आहे, उद्या टाकू. पण मग एका संध्याकाळी नाशिकहून बाबांचा फोन आला. ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा इकडे येणार होते. म्हणाले, "तुझा सामना बघायचाय हं मला." मी घरी काय लिहीत आलो होतो? मी गोलरक्षक आहे. हे लिहिलं होतं. दार उघडतो, हे लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पेटीपाशी गेलो, हात खिशात घातला, लिफाफा बोटांना लागला, आणि मी हात तसाच बाहेर काढला. तेव्हापासून तो आळस नव्हता.

चौदा तारखेला कार्यालयातून फ्राउ लेनर्ट यांचा फोन आला. त्याच त्या बाई, ज्यांना आपण चार वर्षं खडूस म्हणत आलोय. त्या म्हणाल्या, "हेर दातार, तुमच्या गोलरक्षकाचा अर्ज येणार होता ना? उद्या शेवटचा दिवस आहे. पोस्टानं पोचणार नसेल तर तुम्ही स्वतः आणून द्या, मी पाचपर्यंत थांबते." मंडळी, त्या माझ्यासाठी थांबणार होत्या. मी म्हणालो, "तो आता खेळणार नाही म्हणतो. नोकरी लागली ना." त्यांना खरोखर वाईट वाटलं. "शाडं," म्हणजे अरेरे, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी वासूच्या घरी गेलो. चेहरा पाडून गेलो. तेवढं नाटक येतं मला. म्हटलं, "नाही म्हणाले रे. नियम." वहिनी भडकल्या. "त्या बाईला मी जाऊन विचारते," म्हणाल्या. मीच त्यांना अडवलं. वासू उठून आतून त्याची पॅडं घेऊन आला. पायांची ती मोठी पॅडं, पहिल्या पगारातून घेतलेली. म्हणाला, "तुझी फाटलीत. ही घे. आता गोलात तू उभा राहणार, तर नीट उभा राहा."

मी घेतली. घेऊ नयेत, एवढीही लाज उरली नव्हती.

ऑक्टोबरात अधिकृत संघ म्हणून आमचा पहिला सामना झाला. छातीवर विद्यापीठाचं चिन्ह, पायाला वासूची पॅडं. बाबा मफलर गुंडाळून प्रेक्षकांत बसले होते. त्यांच्या शेजारी कोण बसलं असेल? वासू. घरून थर्मासमधून चहा आणला होता, आणि सामनाभर बाबांना खेळ समजावून सांगत होता. आम्ही नऊ-दोननं हरलो. नऊच्या नऊ गोल माझ्यावर झाले. तरी हा बाबांना काय म्हणाला? "काका, मयुरेश होता म्हणून नऊ. नाहीतर वीस झाले असते." बाबा आजही नाशिकला लोकांना हे कौतुकानं सांगतात. मी फोनवर ऐकतो आणि विषय बदलतो.

सामन्यानंतर वासू माझ्याजवळ आला. रागावण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, पण त्याला ते माहीतच नव्हतं. तो फक्त म्हणाला, "तू घाबरून आधीच गुडघ्यावर बसतोस, आणि पक वरून जातो. पक अंगावर येईपर्यंत उभं राहायचं. लागलं तर लागलं."

त्यानंतर हा माणूस चार वर्षं प्रत्येक सामन्याला आला. स्वतः पुन्हा कधी बर्फावर उतरला नाही. दोन हंगाम त्याच्या हक्काचे होते, ते मी खाल्ले. आज तो इथून जाईल तो हेच मनात घेऊन, की एवढं करूनही या देशानं मला आपलं म्हटलं नाही. वासू, या देशाला कुणी विचारलंच नव्हतं रे. तुझा अर्ज त्यांच्यापर्यंत गेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, चार वर्षं गिळलंस, मग आजच का? गेल्या रविवारी खोकी भरायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. जुना फोटो सापडला, वासू गोलीच्या वेषात. इरानं तो बघितला आणि मला विचारलं, "ओंकेल मयुरेश, वारुम श्पील्ट पापा निष्ट मेअर?" बाबा आता का खेळत नाही? सहा वर्षांची पोर ती. मी पटकन म्हणालो, नियम होता बाळा. तिनं लगेच मान डोलावली. बंधुभगिनींनो, तुम्ही मान डोलावलीत, ते मी सहन केलं. तिची डोलावलेली मान मला सहन झाली नाही.

आणि चारचौघांत का? एकांतात सांगितलं असतं तर वासूनं "जाऊ दे रे" म्हटलं असतं, आणि मी सुटलो असतो. शिवाय खोटं मी या सभागृहात पसरवलं. ते गोळाही इथेच करायला हवं. वहिनी, तुमच्याकडे बघण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही. तुमच्या हातचं मी या चार वर्षांत किती वेळा जेवलो, ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. हेर क्युनेल, त्या कार्यालयावरचा तुमचा राग कृपया आजपासून माझ्याकडे वळवावा. फ्राउ लेनर्ट आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांना मी सोमवारी पत्र लिहिलं. ते टाकलंय. आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच पेटीपासून हललो.

आता राहिली ही शाल. संध्याताई, क्षमा करा, तुमचं दुसरं काम माझ्याकडून होणार नाही. माझ्या हातानं या माणसाचा सत्कार व्हावा, एवढा मोठा मी नाही. इरा, कॉम माल, बाळा, इकडे ये. ही शाल तू घाल बाबाला. श्रीफळ जड आहे, दोन्ही हातांनी धर. शाब्बास.

आणि हा तो लिफाफा, वासू. तिकीट लावलेलं आहे, त्यावर शिक्का नाही. आत तुझी सही आहे. पॅडं बाहेर माझ्या गाडीत ठेवली आहेत; खोक्यांत जागा नसेल तर मी माझ्या खर्चानं पाठवीन, आणि या वेळी खरंच पाठवीन.

अध्यक्षमहाराज, दहा मिनिटांची वीस झाली. आपण मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल आपले आणि सभागृहाचे मनापासून आभार. सत्काराच्या दिवशी मी तुमच्या गोडाच्या घासात खडा टाकला, बोलण्यातही कमी-जास्त झालं असेल. तेवढं आपण सर्वांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. लिफाफ्याची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती देण्याचा अधिकार तुमचा नाही, आणि द्यायलाच हवी असंही नाही.

वासू, माझं बोलून झालं. माइक तुझ्याकडे देतो. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, सगळ्यांसमोर म्हण. तू शिकवलं होतंस तसा मी इथे उभा आहे.