या किमतीत धुकं येत नाही

कनिशाय : अपा, अजून थोडं. मला नुसतं तुझं कपाळ दिसतंय.

अपा : कपाळच बघ. त्यावर काय लिहिलंय ते वाच आणि मलाही सांग.

कनिशाय : त्याच्या पाठीला काहीतरी टेकण लाव ना.

अपा : साखरेचा डबा लावलाय. जुन्या टॅबला मागे पाय होते, हा नुसता लोळतो. आता?

कनिशाय : आता हनुवटी आली, डोळे गेले.

अपा : जुना कसा, मी उठले की माझ्या मागे मागे यायचा. चुलीपाशी गेले तरी तोंड आपलं मधोमध. एवढं तर तुझ्या बापानेही कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

कनिशाय : काहीतरीच! हं, बास. हलू नकोस आता. पूर्ण दिसतेस. घेतलास कुठून हा?

अपा : पोस्टाच्या भिंतीला लागून तो मोबाईलवाला बसतो ना, त्याच्याकडून. म्हटलं, माझ्या मुलीने कोरियाहून पाठवलेला होता तसाच दे. म्हणाला, अपा, तसा हवा असेल तर येताना दोन गायी घेऊन या. मग हा दाखवला. नऊ हजार सोम.

कनिशाय : कसा आहे पण? खरं सांग.

अपा : कसा असणार? आपल्या शेजारच्या झुमाबेकसारखा आहे. हाक मारली की आधी टोपी काढतो, डोकं खाजवतो, मग ओ देतो. बोट ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. तुझा स्वेटर लाल आहे ना?

कनिशाय : भडक लाल.

अपा : इथे बीट उकडलेलं पाणी दिसतंय. आणि कडेची ही काळी पट्टी केवढी जाड! मेलेल्या माणसाच्या फोटोला करतात तशी.

कनिशाय : अपा!

अपा : बरं, नाही बोलत. आवाज एकाच बाजूने येतो. त्याचं मला काही नाही. सत्तावीस वर्षं कोचकोरच्या टेलिफोन एक्सचेंजवर बसले, तिथेही एकच कान असायचा. दुसऱ्या कानाने मी मोठ्या बाईंच्या शिव्या ऐकायचे.

कनिशाय : चार्जिंग?

अपा : ते मात्र सोन्यासारखं. रविवारी भरलं की बुधवारपर्यंत बघायला नको.

कनिशाय : तीन दिवस? घरात दोन मुलं असताना? एरबोल तर जुन्याचा दोन तासांत जीव काढायचा.

अपा : जुना मुलांकडेच आहे.

कनिशाय : हां, मग ठीक. म्हणजे तो आहे अजून! महिनाभर साध्या फोनवरूनच बोलत होतीस, मला वाटलं फुटला. मग तू त्यावरूनच बोलायचंस ना, उगाच हा डबा कशाला घेतलास?

अपा : मुलांच्या हातातून काढून घ्यायचा का? तुझं सांग. उद्याच ना तो कराराचा कागद?

कनिशाय : उद्या सकाळी. आणखी साडेचार वर्षं. मालकीणबाईंनी सहीसाठी नवं पेन आणून ठेवलंय. इतकी अळिंबी इतक्या वेगाने कुणीच काढत नाही म्हणतात.

अपा : कर सही.

कनिशाय : करणारच आहे. फक्त एकदा तुझ्याशी बोलून मग. तू बरी आहेस ना?

अपा : मला काय झालंय? चूल पेटलीय, कोळसा मार्चपर्यंतचा आहे.

कनिशाय : मुलं कुठेत?

अपा : बाहेर.

कनिशाय : एवढ्या थंडीत? आणि त्यांचा बाप, आपला धाकटा कुबात?

अपा : तोही बाहेर. कामावर.

कनिशाय : रविवारी? बरं. अपा, तुझ्या मागे दाराशी ते बूट दिसताहेत. लाल ते आयदायचे ना? मी पाठवलेले?

अपा : तेच.

कनिशाय : बाई गं, दोन वर्षं झाली. तिला अजून होतात?

अपा : बूट तिथेच असतात.

कनिशाय : होतात का, असं विचारलं मी. आणि मुलं बाहेर गेली, तर बूट घरात कसे?

अपा : दुसरे असतील पायात. तू काय तपासणीला आलीस का? आवाज नीट येतोय ना तुला?

कनिशाय : चांगला येतोय. उलट फारच येतोय. टिकटिक ऐकू येतेय. भिंतीवरचं घड्याळ का ते?

अपा : हो.

कनिशाय : तीन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं मी. जुना टॅब बाजूचे आवाज गाळायचा, म्हणून. मुलांचा दंगासुद्धा यायचा नाही. हा काहीच गाळत नाही. किटली सूं सूं करतेय, तेही येतंय.

अपा : स्वस्तातला आहे गं. त्याला एवढं कुठे कळतंय?

कनिशाय : पण मग बाकीचं का नाही येत?

अपा : बाकीचं काय?

कनिशाय : काही नाही. चहा घेतेयस?

अपा : हो, आत्ताच ओतला. थांब, बाजूला ठेवते, नाहीतर सांडेल यावर.

कनिशाय : नको, थांब. हलवू नकोस वाटी. अपा, ती काठोकाठ भरलीय.

अपा : भरली असेल.

कनिशाय : भरली असेल काय! मी नऊ वर्षांची असताना आजोबांना भरलेली वाटी दिली, तर तू सगळ्यांदेखत माझ्या हातावर चापट मारली होतीस. अर्धी द्यायची, संपली की परत अर्धी, म्हणजे बसा, अजून बसा. भरून दिली म्हणजे उठा आता, दार तिकडे आहे. हे मला कुणी शिकवलं?

अपा : मी शिकवलं. तुझ्या आजोबांनी ती वाटी मुकाट्याने संपवली आणि खरंच घोडा आणायला सांगितला. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कनिशाय : मग आज कुणाला घालवतेयस?

अपा : कुणाला नाही.

कनिशाय : आणि चिनारा कुठाय? घरात सून असताना सासू स्वतःची वाटी स्वतः भरते? ती किटलीपाशी बसायची ना? अपा? इकडे बघ. चिनारा कुठाय?

(अपा वाटी स्वतःकडे ओढते.)

अपा : एकट्या माणसाने अर्धी अर्धी किती वेळा ओतायची गं? गुडघे धरतात. एकदाच भरून घेते.

कनिशाय : कधी गेले?

अपा : बटाटे काढून झाले, मग. मुलांच्या शाळा सुरू झाल्यावर लगेच.

कनिशाय : सप्टेंबर! पाच महिने! आणि मी दर रविवारी विचारते, मुलं कशी आहेत, कुबात कसा आहे, आणि तू म्हणतेस...

अपा : छान आहेत. आहेतच छान. चिनाराच्या भावाचं बिश्केकला गॅरेज आहे, तिथे कुबातला घेतलंय. नववा मजला. नळाला गरम पाणी येतं.

कनिशाय : आज म्हणालीस, बाहेर आहेत!

अपा : बिश्केक बाहेरच आहे.

कनिशाय : तू खोटं बोललीस माझ्याशी.

अपा : मी खोटं बोलत नाही. मी फक्त लाईन जोडली नाही. मुलांचा आवाज येत नाही, यंत्र गाळत असेल, असं तूच म्हणालीस एकदा. मी म्हटलं, यंत्र चांगलं आहे. यात खोटं काय?

कनिशाय : धाकटा आहे तो, अपा! आपल्यात धाकटा जातो का कधी घर सोडून? घर त्याचं, चूल त्याची, तू त्याची. तो आहे म्हणून मी इतक्या लांब आले. फोन लावते आत्ता त्याला.

अपा : लावायचा नाही. माझी शपथ आहे. रडत गेला तो. गाडीत सामान भरताना काहीतरी विसरलं म्हणून तीनदा आत आला, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने बाहेर गेला. मला चल म्हणाला. मी म्हटलं, नवव्या मजल्यावर धुराडं नाही. तुझ्या बापाच्या घरातून धूर निघायचा बंद झाला तर लोक काय म्हणतील? कुणीतरी चूल पेटती ठेवायला हवी. माझा हट्ट आहे तो, त्याच्यावर ढकलू नकोस.

कनिशाय : मग मला इतके दिवस दिसलं कसं नाही?

अपा : जाण्याआधी एरबोलने मागचं सगळं धूसर करून दिलं होतं. आजी, तुझ्या मागे आता धुकं आलं, म्हणाला. मग मला काय, तोंड धुतलं की झालं. नवा घेताना त्या मोबाईलवाल्याला पहिलं तेच विचारलं, यात धुकं आहे का? तो म्हणाला, या किमतीत धुकं येत नाही, अपा. या किमतीत जे आहे ते दिसतं. म्हणून मग बूट मांडले. मुलांचे जुने कोट खुंटीला लावले. सकाळपासून तेच करत होते. वाटीचं लक्षातच आलं नाही.

कनिशाय : मग तो टॅब सोडलास कशाला तू?

अपा : नव्या वर्षाला आले होते चार दिवस. जायच्या आदल्या रात्री आयदाय त्याला पोटाशी धरून झोपली. आई काढून घ्यायला लागली तर म्हणाली, यात आजी असते. मग मीच त्यांच्या पिशवीत घातला.

कनिशाय : आणि महिनाभर तुला मुलं दिसली कशावर?

अपा : म्हणून तर हा घेतला.

कनिशाय : करतात का फोन?

अपा : कामात असतात गं. वाजतो हा. तू करतेस तेव्हा वाजतो. आणि हे बघ, डोळे पूस. मला खोटारडी म्हणण्याआधी तुझ्या मागचा तो समुद्र काढ.

कनिशाय : कुठला?

अपा : तुझ्या खिडकीतला. तीन वर्षं तोच पक्षी. खाली बसत नाही, उडून जात नाही. जुन्यात सगळंच गोजिरं दिसायचं, तेव्हा नुसती शंका होती. यात तुझे केस त्या पाण्यात विरघळताहेत. काढ.

कनिशाय : काढला.

अपा : हं. पत्रा आहे. खाट. दोरीवर मोजे. खिडकी नाहीच का?

कनिशाय : आहे ना, दाराच्या वर, लहानशी.

अपा : आणि ती मुलगी? सेझिम? शेजारी झोपलीय, हळू बोल म्हणायचीस ती?

कनिशाय : तिने लग्न केलं. मागच्या उन्हाळ्यात गेली.

अपा : मग इतके दिवस हळू कुणासाठी बोलत होतीस?

कनिशाय : रडू आलं की माझा आवाज हळूच होतो, अपा.

अपा : अगं...

कनिशाय : तू का नाही सांगितलंस? मी आले असते.

अपा : म्हणूनच नाही सांगितलं. लग्न मोडून परत आलीस त्या वर्षी तुझं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलंय. बाजारात जाताना भिंतीकडेने चालायचीस. कोरियाला गेलीस आणि हसायला लागलीस. म्हटलं, आता हिला हाक मारायची नाही.

कनिशाय : समुद्र लावूनच हसायचे मी.

अपा : मला काय माहीत?

कनिशाय : कागदाचं सांग. उद्या सही करू?

अपा : कर.

कनिशाय : अपा, एक्सचेंजवर तू काय शिकलीस म्हणायचीस? माणूस खोटं बोलायच्या आधी काय करतो?

अपा : आधी श्वास घेतो.

कनिशाय : हा टॅब काहीच गाळत नाही. आत्ता ऐकला मी तुझा.

अपा : मेला नऊ हजारांचा!

कनिशाय : सांग ना. करू सही?

अपा : नको. नको करूस. मला करमत नाही गं, कनिशाय. कुणाशी बोलायला नाही म्हणून मी त्या घड्याळाशी बोलते. तू ये.

कनिशाय : येते. या महिन्याचा पगार झाला की निघते. मार्चमध्ये.

अपा : कोळसा तोपर्यंत पुरेल.

कनिशाय : तू चहा घे आधी. निवला असेल.

अपा : पार निवलाय. टाकते हा. थांब, दुसरी वाटी काढते. तुझी निळ्या काठाची, वरच्या फळीवर आहे.

कनिशाय : अपा, तू गेलीस चौकटीबाहेर. मला नुसती गादी दिसतेय.

अपा : हा मागे मागे येत नाही, म्हटलं ना. तू तिथेच थांब.

कनिशाय : थांबलेय.

अपा : धूळ बसलीय नुसती. धुऊन घेते. आहेस ना?

कनिशाय : आहे.

अपा : ही बघ. तुझ्यासमोर ठेवली. दिसतेय?

कनिशाय : दिसतेय. किती ओतलीस?

अपा : अर्धीच.