जांघेतला नारळ

गोदू : ...आन् शेपटीला धरून त्यो देवमासा एकट्यानं दर्यात लोटला यांनी! तवापासून जांघेत फुगलंय, डॉक्टरीणबाय.

डॉ. हेमाली : देवमासा? काशीदला?

नामा : खोटं हाय! होडी वढत व्हतो वाळूतनं.

हेमाली : बाबा, मग तुम्हीच सांगा ना. आल्यापासून याच बोलतायत.

नामा : बाईमाणसापुढं काय सांगायचं?

गोदू : मी हाय की! आदी सुपारी व्हती, मग नारळ झाला. शेजारची आवडाबाई खवणी घेऊन आली, म्हनं, अर्धी वाटी कालवणाला द्या!

नामा : गप गं! लिंबाएवढी गाठ हाय. उभा ऱ्हायलो का येते, आडवा झालो का आत जाते.

हेमाली : खोकला?

गोदू : खोकला? हे खोकले तर जंजिऱ्याच्या तोफेनं उलटा बार काढला!

नामा : बिडीचा हाय, सकाळचा. आन्... परसाकडंला जोर लावाय लागतो. झालं समाधान?

हेमाली : झालं! वय, ओझं, खोकला, जोर लावणं. पोटाची भिंत कमजोर पडली, तिथनं आतडं जांघेत उतरतंय. अंतरगळ. हर्निया म्हणतात तो हाच.

नामा : मी पट्टा बांधतो कचकून.

हेमाली : पट्ट्यानं भोक बुजत नाही, बाबा. आतडं अडकलं, आत गेलंच नाही, तर जिवावर बेतेल. ऑपरेशन करून तिथं जाळी बसवू.

नामा : तुमीच करनार?

हेमाली : मीच.

नामा : न्हाय जमायचं. चल गोदू, घरी.

गोदू : चला. होडी कशी वढायची त्ये दावा मला वाटंत. एकटीलाच वढायचीय पुढं. उठा की!

नामा : डॉक्टरीणबाय, पडदा लावा. कुठं आडवा होऊ?

(दीड महिन्यानं, त्याच दवाखान्यात.)

हेमाली : वा! जखम एकदम छान भरलीय. खोकला?

नामा : बिडी सोडली, खोकला गेला. एस्टीतनं उतरून चालत आलो.

गोदू : चालत? वाटंत एस्टीला मागं टाकलं यांनी!

नामा : बाय, भायेर माझा भाऊ बसलाय, कान्हा. त्याचं पन असंच. कवापासून लपवतोय. मीच वढून आणला.

हेमाली : मग बोलवा की आत!

गोदू : थांबा, त्याचं मी सांगते—

नामा : तू बस. लाजंल त्यो. मी ऱ्हातो त्याच्या बाजूला उभा.