पट्ट्यावरची रेघ

मंडळी, गाडीत बसल्यावर आपण जो पट्टा लावतो ना, तो निम्माच बाहेर ओढतो. उरलेला निम्मा दाराशेजारच्या खांबात गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षं तिथेच! त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याने मात्र सगळं पाहिलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही कीर्तनाला आलोय की गॅरेजात? थांबा जरा! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्याच माणसाची वस्तू तिऱ्हाइताकडून तपासून घेतली, तर तो अविश्वास झाला का? ... हं! इकडे बायका माना हलवतायत, नाही म्हणून. पुरुषमंडळी छताकडे बघतायत! असू दे. ऐका.

तारामती सपकाळ. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स, आता निवृत्त. तिचं गाव चांदोशी. ती सहा वर्षांची असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. घर गेलं, शेत गेलं. उरलं ते वर्षाचे पंधरा दिवस! मे महिन्यात पाणी उतरलं की आधी महादेवाचा कळस वर येतो, मग हळूहळू सगळं देऊळ. भिंतीवर गाळाचा करडा लेप, आणि पाणी जिथे जिथे थांबलं, तिथे तिथे सरळ रेघ.

तिची आई गोदाबाई. वय शहाऐंशी. चैत्र संपला की म्हातारीचा एकच प्रश्न — "तारे, पाणी उतरलं का गं?"

एका वर्षी जीप भाड्याने केली होती. म्हातारी देवळाच्या पायरीवर टेकते न टेकते तोच ड्रायव्हरचा भोंगा! "भाड्याची गाडी नको," ती म्हणाली. "मला दिवसभर बसायचंय. माझी चूल कुठं होती ते हुडकायचंय."

म्हणून तारामती अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, मंडळी! लायसन्स आलं. आता हवी होती फक्त गाडी.

आणि ती चालून आली कुणाकडून? व्याह्यांकडून! लेक रेवतीचे सासरे, उत्तमराव. माणूस मोकळा, मोठ्या आवाजाचा. "विहीणबाई, आमची पांढरी गाडी कमी पैशात घेऊन जा! घरातली गाडी घरात!"

झाली का पंचाईत? व्याह्यांना कसं म्हणायचं, की तपासून घेते? उद्या लेकीला तिकडे ऐकून घ्यावं लागेल! तारामती फोन हातात घ्यायची, परत ठेवायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. जन्मभर दुसऱ्यांची नाडी बघणारी बाई, पण स्वतःच्या मनातलं बोलायची वेळ आली की उद्यावर ढकलणार!

एका दुपारी शेंगा निवडता निवडता आईच म्हणाली, "धरणाच्या बदल्यात मिळणारी नवी जमीन बघायला तुझे आबा गेलेच नव्हते. पाटील घरातला, चुलतभाऊ. तो म्हणाला, चांगली आहे. भिडेपोटी अंगठा दिला. मग आलो तर काय? सगळा मुरूम! पहार मारली की ठिणगी उडायची."

तारामतीने हातातलं सूप खाली ठेवलं आणि शकील मिस्त्रींना फोन लावला. हे मिस्त्री कोण? गाडी विकत नाहीत, दुरुस्तही करत नाहीत. तपासणीची फी घेतात आणि दिसेल ते सांगतात. गाडी घेतली काय, न घेतली काय, त्यांना सारखंच! असा माणूस जवळ असावा, मंडळी. देवाला सारखा नवस करण्यापेक्षा त्याचा नंबर जपून ठेवावा!

उत्तमराव गाडी घेऊन आले. पुसून लख्ख, वर झेंडूचा हार! आणि गोदाबाई? इरकली नेसून, हातात नारळ घेऊन, थेट मागच्या सीटवर जाऊन बसली. चला म्हणाली.

तेवढ्यात शकीलभाईंची स्कूटर दारात. तारामती पुटपुटली, "दादा, हे... जरा नुसतं बघतील."

उत्तमरावांचा चेहरा पडला. "बघतील? विहीणबाई, तुमची रेवती आम्ही काय तपासून घेतली होती?"

मागच्या सीटवरून आवाज आला — "तर! तीनदा आला होतात बघायला. चालून दाखव म्हणालात. चकल्या करून घेतल्यात, वर म्हणालात, मोहन कमी पडलंय!"

उत्तमराव स्वतःच हसत सुटले. "आजी, जिंकलात! बघा हो मिस्त्री, खुशाल बघा."

शकीलभाईंनी इंजिन ऐकलं. ठीक. टायर पाहिले. ठीक. डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली गंज. मग ते पुढच्या दाराशी गेले आणि पट्टा ओढला. ओढला... ओढतच राहिले. अगदी शेवटपर्यंत! शेवटच्या हातभर पट्ट्यावर करडा डाग, आणि डागाच्या कडेला सरळ रेघ.

तारामतीने तो चिमटीत धरून चोळला. बारीक, मऊ गाळ. ही रेघ तिला कुणी समजावून सांगायला हवी होती का, मंडळी?

"पुरात बुडालेली गाडी आहे," शकीलभाई म्हणाले. "उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही. कधी पडेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणतो. घाटात बंद पडली तर ब्रेकही जड होतील."

उत्तमराव मटकन पायरीवर बसले. "मी साडूकडून घेतली. त्याने त्याच्या मेहुण्याकडून, मेहुण्याने त्याच्या दोस्ताकडून."

"कुणी तपासली होती?" शकीलभाईंनी विचारलं.

"आपल्याच माणसाची कशी तपासणार हो?"

बघा! या तिघांत लबाड एकही नाही. भिडस्त मात्र तिघं!

उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "विहीणबाई, पैसे नकोत. पण यंदा घेऊन जा. आजींना देऊळ दाखवून आणा, मग पुढचं पुढे."

पाऊस बारा दिवसांवर. बाहेर ऊन, काचेआड शहाऐंशी वर्षांची आई. पुढचा मे कुणी पाहिलाय? आणि फुकट, प्रेमाने दिलेली गाडी!

मंडळी, तुमच्याही घरात असा एखादा पट्टा असेल. सोयरिकीचा, जमिनीचा, भागीदारीचा. निम्माच ओढलेला. तो शेवटपर्यंत ओढायचा धीर आहे? आणि रेघ दिसल्यावर तोंड उघडायचा?

तारामतीने मागचं दार उघडलं. आईच्या हातातला नारळ आपल्या हातात घेतला. उत्तमरावांकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली —

"आई, उतर. ही गाडी मी घेत नाही."