दोन भोवरे

व्यवस्थापिका: ...आणि हा आमचा बसायचा हॉल, काकू. दुपारपर्यंत छान ऊन असतं इथे. नाश्ता झाला की सगळे काका-आजोबा इथेच येऊन बसतात.

काकू: ते दिसतंच आहे. पण यांचे केस कोण कापतं हो?

व्यवस्थापिका: केस?

काकू: ते बघा, खिडकीपाशी निळ्या स्वेटरमध्ये बसलेत. त्यांचा एक कल्ला कानाच्या वर आणि एक पार गालापर्यंत.

व्यवस्थापिका: अगंबाई, खरंच की! काकू, इथे आल्यावर लोक आधी बाथरूम बघतात. नाहीतर जेवायला काय असतं ते विचारतात.

काकू: बाथरूम मी येतायेताच बघून आले. धरायला दांड्या आहेत, फरशी घसरत नाही. जेवणही चाखलं. तुमच्या स्वयंपाकीणबाईंनी न मागता वाटी हातात दिली. मीठ बेताचं आहे, चांगलं आहे. आता डोकी बघतेय. सलूनवाल्याची बायको आहे मी, दुसरं काय बघणार? आमच्या यांना ठेवायला याआधी अशी दोन ठिकाणं पाहिली. एका ठिकाणी सगळ्यांच्या डोक्यावरून सरसकट मशीन फिरवलेलं. बाई कोण, पुरुष कोण, कळेना. पाणीसुद्धा न पिता निघाले तिथून.

व्यवस्थापिका: खरं सांगू का? आमच्याकडेही महिन्यातून एकदा माणूस येतो आणि तो जरा घाईतच असतो.

काकू: खरं बोललात, बरं वाटलं. त्या मशीनवाल्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या होत्या, ती फॅशन आहे.

काका: बापरे! केवढी गर्दी ही!

काकू: झालं. आली स्वारी. हेच आमचे हे. तुमच्या बागेत बसवून आले होते, पण एका जागी बसतील तर शपथ.

काका: एवढी गिऱ्हाइकं खोळंबलीत आणि कारागीर कुठे गेला? बसा साहेब, बसा, उठू नका. नंबर येतोच तुमचा. तोवर पेपर वाचा.

व्यवस्थापिका: काकू, यांना काय वाटतंय?

काकू: भिंतीला लागून ओळीने खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुषमंडळी, सगळे गप्प आणि सगळ्यांचे केस वाढलेले. उभा जन्म सलूनमध्ये गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

व्यवस्थापिका: अय्या! मी इतकी वर्षं हा हॉल बघतेय, माझ्या कधी डोक्यात नाही आलं.

काका: तुम्ही मालकीणबाई वाटतं? नमस्कार. जागा झकास आहे हो. उजेड डावीकडून येतोय, म्हणजे दाढी करताना हाताची सावली नाही पडायची. आरसा तेवढा मोठा लावून घ्या.

व्यवस्थापिका: लावते ना. लगेच लावते.

काका: आणि या बाई कोण? मघापासून माझ्या मागे मागे फिरतायत. बाई, मी लेडीजचं करत नाही. पलीकडच्या दुकानात विचारा.

काकू: ऐकलंत? आज सकाळपासून मी 'बाई' आहे.

व्यवस्थापिका: रोजच असं होतं?

काकू: कधी बायको, कधी बाई. आताशा बाईच जास्त. पहाटे उठतात आणि दुकान उघडायला निघतात. दुकान कधीच विकलं आम्ही, तिथे आता मोबाईल मिळतात. तो मोबाईलवाला भला माणूस आहे, हात धरून आणून सोडतो. मध्ये मी मोरीच्या दारात आडवी झाले. गुडघा धरून ओरडतेय. हे आले, वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, 'बाई, दुकान बंद झालंय, उद्या या.'

व्यवस्थापिका: अरे देवा.

काकू: आधी मला हसूच आलं, तशा दुखण्यात. मग मात्र रडले. मुलगा म्हणाला, आई, आता पुरे, बाबांसाठी एखादी जागा बघू या, तुम्हा दोघांना उचलणं मला नाही जमायचं.

काका: मालकीणबाई, त्या निळ्या स्वेटरवाल्यांना आधी घ्यायला हवं. फार आबाळ झालीय.

व्यवस्थापिका: घेऊ या, काका. काकू, मग अडतंय कुठे? तुम्हाला जागा पटलीय, तुमच्या तोंडावर दिसतंय.

काकू: घरात मी दिवसभर डोळ्यांसमोर असते. भांडी आपटते, खोकते, भांडते. तरी विसरतात. इथे ठेवून गेले तर आठवड्याभरात मला पुरतं पुसून टाकतील. मग मी भेटायला यायचं ते कोण म्हणून? ती मागे मागे फिरणारी बाई म्हणून? ते नाही सहन व्हायचं मला.

व्यवस्थापिका: तसं होणार नाही, असं काही मी सांगू शकत नाही काकू. खोटं कशाला बोलू? पण रमतील ते इथे. त्यांना हे दुकान वाटतंय ना, वाटू द्या की.

काकू: त्यांना वाटेल ते वाटू दे. पण मी फसवून नाही ठेवायची. ते विसरतील हो, माझ्या लक्षात राहील ना! अहो, इकडे बघा.

काका: बोला बाई.

काकू: हे दुकान नाही. विसरायला होतं अशा माणसांचं हे घर आहे. तुम्ही इथे राहायचं. मी आपल्या घरी राहणार. मी येईन रोज.

काका: रोज कशाला? केस काय रोज वाढतात?

व्यवस्थापिका: हसू नये मी, पण...

काकू: हसा हो, बिनधास्त हसा. मीही तेच करते, नाहीतर कधीच आटोपलं असतं माझं.

काका: बाई, तुमचा पाय दुखतोय. उभ्या कशाला? बसा या खुर्चीत. लेडीजचं करत नाही मी, पण म्हटलं ना, बसा.

काकू: बसते. खरंच दुखतोय.

व्यवस्थापिका: काकू, त्यांनी खिशातून कंगवा काढलाय. तुमच्या मागे उभे आहेत. घेऊ का काढून?

काकू: राहू दे. झोपतानाही खिशात असतो तो. कात्री मात्र कुलपात ठेवत जा हो. पडद्यांच्या झालरी कापून ठेवल्यात आमच्याकडे. वाढल्या होत्या म्हणे.

काका: मान खाली. आणखी थोडी. हा अंबाडा कुणी बांधला? केवढा आवळलाय!

काकू: मीच.

काका: सोडतो, मोकळं वाटेल. हलायचं नाही हं. थांबा... थांबा जरा.

व्यवस्थापिका: काय झालं काका?

काका: मालकीणबाई, इकडे या. हे बघा. इथे एक भोवरा, आणि हा इथे दुसरा, उलटा फिरलेला. इतकी डोकी हाताखालून गेली माझ्या, असं डोकं एकच. अगं, तू होय! कधी आलीस?

(काकू मान खालीच ठेवते. पदर डोळ्यांना लावते.)

काकू: आत्ताच.

काका: मग सांगायचं नाही का? मी सकाळपासून शोधतोय तुला. एक बाई नुसती मागे लागली होती. गेली वाटतं.

काकू: गेली. मीच हाकलली.

काका: बरं केलंस.

व्यवस्थापिका: काकू, हे... हे कसं काय?

काकू: सगळा जन्म माणसं मागून बघितलीत हो यांनी! गिऱ्हाईक रस्त्यात समोरून आलं तर नाव आठवायचं नाही. पुढे गेलं की पाठमोरं ओळखून हाका मारत सुटायचे. मला हे ठाऊक होतं. आणि मी खुळी, इतके दिवस यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारतेय, 'मी कोण? ओळखलं का मला?'

व्यवस्थापिका: ही खुर्ची इथून हलवत नाही मी. ही तुमची.

काकू: आधी यांना विचारू दे. आता ओळखताय तर सांगा हो. राहाल का इथे?

काका: तुला पसंत आहे?

काकू: आहे. मन तयार होत नव्हतं. आता झालंय.

काका: मग राहतो की. पण त्या निळ्या स्वेटरवाल्यांचं आधी करायचं. बघवत नाही माझ्याच्याने.

व्यवस्थापिका: मी स्वतः शेजारी उभी राहीन काका. कात्री माझ्या हातून घ्यायची आणि माझ्याच हातात द्यायची.

काका: कात्री मालकाचीच असते, त्यात काय! तू मान सरळ कर गं. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात. झालं का तुझं दुसरं?

काकू: सवड कुठे मिळतेय? पहिलंच अजून चालू आहे.