शेअर म्हणजे वाटा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत एका विद्यार्थिनीच्या मागे बहीणभाऊ दबक्या आवाजात बोलत होते. न वळताच तिने कान टवकारले.

"ताई, बेडकांच्या आवाजांचा फोल्डर उडवलास?"

"तू लॅपटॉपच्या आत तो नकली कॉम्प्युटर, व्हर्च्युअल मशीन, बनवून दिलायस ना, त्यातला उडवला. खरा बाहेर लॅपटॉपवर आहे ना?"

"अगं, तो शेअर केलेला होता!"

"तेच म्हणते. शेअर म्हणजे वाटा. एक आत, एक बाहेर."

"नाही गं! दोघं एकाच ताटात जेवतात तसं ते. तू ताटच घासून ठेवलंस."

"अरे देवा! तीन वर्षांची रेकॉर्डिंग्ज! शुक्रवारी प्रबंध द्यायचाय!"

"दुसरीकडे कॉपी नाही?"

"कशाला ठेवू? तूच म्हणालास, आत काहीही कर, बाहेर ओरखडाही उठणार नाही."

"म्हणालो होतो."

"मग तो फोल्डर आत जोडला कोणी?"

"मीच. तुला सोपं पडावं म्हणून."