खटक्यावरची चिकटपट्टी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय हरिहरराव सुर्वे, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती डॉ. उमा मुळ्ये बाई, आणि मागून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाने चुळबुळ करणाऱ्या सज्जनहो,

मी पोंक्षे, भौतिकशास्त्र शिकवतो. स्वभावाने संशयी. आमची ही म्हणते, देवाने प्रसाद दिला तरी तुम्ही आधी वास घ्याल! असो. बाईंविषयी चार शब्द बोलायची आज्ञा झाली आहे.

बाईंनी आयुष्यभर काय केलं? आपल्या डोंगरमाथ्याच्या सड्यावर कातळाच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यात हिरवं शेवाळ धरतं. दिवाळीनंतर ते वाळून पापडी होतं आणि पुढच्या पावसात पुन्हा हिरवं. जनुकं तीच, पण कोरडं पडताना त्यातलं कोणतं जागं होतं आणि कोणतं गप्प बसतं, हे बाई शोधत राहिल्या. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. हरिहरराव एकदा प्रेमाने म्हणाले होते, "अहो बाई, शेवाळच ना ते? आमच्या विहिरीच्या पायरीवर हवं तेवढं आहे, घेऊन जा." किती हा मोठेपणा!

आता मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेची वीज गेली. तेवढ्याच खोलीची. गारवा राखणारं यंत्र बंद पडून शेवाळाच्या बाटल्यांतलं पाणी आटलं, तळाशी नुसती खरवड राहिली. जूनच्या बैठकीत ठरलं, नमुने मेले, सबब प्रयोगशाळा बंद, तिथे स्पर्धा परीक्षेचा वर्ग. बाईंची विद्यार्थिनी मनस्विनी हिची पीएच.डी. अर्ध्यावर आहे, ती कोपऱ्यात बसून रडली. तिचं काय, हे कोणीच विचारलं नाही. मला फार राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी जाऊन त्या खोलीचा विजेचा खटका पाहिला. भार वाढला की खटका पडतो, हे मी दरवर्षी शिकवतो. पण पडल्यावर स्वतःला चिकटपट्टी लावून घेणारा खटका मी पहिल्यांदाच बघितला. आमचे शिपाई केरूमामा घाबरले. "सर, मी नाय हो हात लावला! वरून सांगितल्यानी, या खोलीत जायचा नाय." वरून म्हणजे कुठून, ते मी विचारलं नाही. वर म्हणजे गच्ची असेल.

संशय मला बाईंचाही आला, खोटं कशाला बोलू? त्या बैठकीत ही बाई चक्क हसत होती! बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, तुमचं सगळं गेलं आणि तुम्ही हसता?" त्यांनी एक वाळकी बाटली माझ्या हातात ठेवली. "पोंक्षे सर, ह्यात पाणी घाला आणि खिडकीत ठेवा. माझे निबंध ह्यांच्यापैकी कोणी वाचले नाहीत, एवढंच."

हरिहरराव, तुमच्यासमोर फुलदाणीच्या शेजारी जी बाटली आहे, ती सजावट नव्हे. जरा उजेडात धरा. हिरवी दिसते ना? वाळवून जे मरत नाही, त्याचाच अभ्यास करण्यात बाईंची सगळी नोकरी गेली, आणि आपण ते वाळवून मारायला गेलो. आपण म्हणजे, गच्चीवरचे कोणीतरी.

बंदच्या ठरावात कारण एकच आहे, नमुने मेले. ते तर जिवंत आहेत. तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली मनस्विनीकडे द्यावी. ती किल्ली अध्यक्षांच्या उजव्या खिशात असावी, हा आपला माझा संशय. शाल-नारळ बाईंना मागाहून दिला तरी त्या रागावणार नाहीत.

बाई, तुम्हाला मनापासून निरोप देतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर म्हाताऱ्या सहकाऱ्याला सांभाळून घ्या. एकच विनंती, किल्ली त्या मुलीच्या हातात पडेपर्यंत टाळ्या वाजवू नका. टाळ्यांच्या गडबडीत पुष्कळ गोष्टी खिशातच राहतात.