सासू मागून येऊन राह्यली

माह्या सासूले नावं ठेवाल तं चहा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते.

सिकलसेलच्या लेकरांसाठी मदत गोळा करायची म्हणून मी यवतमाळ ते वर्धा सायकलवर जायले नाव देल्लं. सायकल शाळा सुटल्यापासून हातात धरली नव्हती. मंग रोज सकाळी नेरच्या रस्त्यानं सराव. एक दिवस चढावावर असा दम लागला, का कडेले बसून रडूच आलं. तेवढ्यात काळीपिवळी जीप थांबली. आतून एक म्हातारी उतरली.

"कुठं चालली वो बाई एकटी?"

"नेरले."

"माहेर हाय काय तिथं?"

"हाय ना."

"आन् सासरचे?"

"सासू मागून येऊन राह्यली."

झालं! म्हातारीनं मले ओढून जीपमध्ये कोंबलं आन् ड्रायव्हरवर ओरडली, "सायकल टाक टपावर, लवकर!"

तोवर सासूबाई स्कूटीवर पोचल्याच. रोजच्यासारखं माह्यासाठी ग्लुकोजचं पाणी घेऊन. म्हातारी दारात आडवी उभी राह्यली. "पोरीले हात तं लावून पाहा!"

सासूबाईनं बाटली तिच्याच हातात देल्ली.

"नाही लावत, माय. तूच पाज तिले पाणी. आन् मंग खाली उतरव. नेर अजून लय दूर हाय."